हातात साप नको : सर्पोद्यानातला दहा मिनिटांचा पाठ



दिवाळीची सुट्टी संपली की सहलींचे दिवस सुरू होतात. पुणे आणि आसपासच्या शाळांची एक सहल तर हमखास कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जाते. तिथे काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दोन-दोनच्या रांगा, पुढे एक सर, मागे एक बाई, "चला चला, पुढे सरका", आणि दीड तासात वाघ, अस्वल, गवा, साप सगळं 'बघून' झालेलं. संध्याकाळी घरी पोराला विचारा, काय पाहिलंस? वाघ झोपला होता आणि आइस्क्रीम खाल्लं.

दोष मुलांचा नाही. प्राण्यासमोर उभं राहून त्यांच्याशी कोणी बोललेलंच नसतं. पिंजऱ्यासमोर दहा मिनिटं नीट बोलणं हाही एक पाठच आहे, आणि तो घ्यायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. पूर्वतयारी मात्र लागते. तो कसा घ्यायचा ते इथे मांडते. सगळ्या प्राण्यांचं नाही, फक्त सापांचं. कारण वाघ आपल्या मुलांना शाळेच्या वाटेवर भेटत नाही, साप भेटतो. (जुन्नर-आंबेगावची मंडळी म्हणतील, आमच्याकडे बिबट्या भेटतो! खरं आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

एक आकडा आधी डोळ्यांसमोर ठेवा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यातली, आणि जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांतले. तेव्हा सापाच्या काचेसमोरची दहा मिनिटं ही सहलीतली गंमत आहे असं समजू नका.

मी काय पाहिलं

काही वर्षांपूर्वी एका शाळेत 'सापांविषयी जनजागृती' असा कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी पोतडीतून साप काढले. धामण काढली, मांडूळ काढलं. एकेक साप हातात खेळवत माहिती सांगितली. माहिती बरोबर होती, बोलणंही छान होतं. शेवटी धिटाईने पुढे आलेल्या चार मुलांच्या गळ्यात साप घातला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्या सगळ्या वेळात "सापाला हात लावू नका" हे वाक्य तीन-चार वेळा तरी म्हटलं गेलं असेल.

त्यानंतर आठवड्याभरात तिसरीतला एक मुलगा पाण्याच्या बाटलीत सापाचं पिल्लू घेऊन वर्गात आला. मोठ्या अभिमानाने. ते पाणदिवडाचं पिल्लू निघालं, म्हणजे बिनविषारी. आमचं नशीब. मी ओरडले तर तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "बाई, त्या काकांनी पण धरला होता की."

त्याचं काय चुकलं सांगा? आपण डी.एड.ला शिकलो की मूल ऐकून कमी शिकतं आणि पाहून जास्त शिकतं. त्याने पाहिलं ते केलं. काकांचे शब्द एक सांगत होते आणि हात दुसरंच सांगत होते. पोरांनी हातांचं ऐकलं.

हे फक्त माझ्या एका अनुभवावरून म्हणत नाही. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातल्या संशोधकांनी लोकांना चिंपांझीची चित्रं दाखवून प्रश्न विचारले होते. ज्यांना चिंपांझीशेजारी माणूस उभा असलेलं चित्र दाखवलं, त्यांना चिंपांझी जंगलात सुखरूप आहेत, त्यांची संख्या ठीक आहे, असं वाटण्याचं प्रमाण जास्त निघालं. चित्रात एक शब्दही लिहिलेला नव्हता. नुसता माणूस शेजारी उभा होता.

आता सापाच्या बाबतीत विचार करा. माणसाच्या हातातला साप पाहून मूल काय समजत असेल? की साप धरता येतो, आणि जो धरतो तो शूर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. परवानगीशिवाय साप पकडून बाळगणं, त्याचे खेळ करणं यावर त्यात बंदी आहे. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुकीवर उच्च न्यायालयाने निर्बंध आणले तेही याच कायद्याच्या आधारे. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक शिक्षक म्हणून मला वाटतं की हातात साप धरून दिलेला पाठ उलटा शिकवतो.

याला एक अपवाद सांगायलाच हवा. चेन्नईजवळच्या मगर प्रकल्पात, मद्रास क्रोकोडाइल बँकेत, इरुला समाजाच्या सहकारी संस्थेचे लोक सापांचं विष काढतात आणि पर्यटक ते कठड्याबाहेरून पाहतात. ही संस्था १९७८ सालची. पूर्वी कातड्यासाठी साप पकडणारी ही माणसं आता विषासाठी साप आणतात आणि विष काढून पुन्हा सोडून देतात. त्या विषापासून सर्पदंशावरचं औषध तयार होतं. तिथेही साप माणसाच्या हातात असतो, पण ते काम आहे. मडक्यातून साप काढायचा, भांड्याच्या तोंडावर दात टेकवायचे, विष घ्यायचं. कोणाच्या गळ्यात घालत नाहीत. पाहणाऱ्याला कळतं की हे आपलं काम नव्हे.

प्रस्तावना सापावर सोडा

कात्रजचं सर्पोद्यान १९८६ सालचं, सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. पुढे पेशवे पार्कमधले प्राणी कात्रजला हलवले गेले आणि तिथे मोठं प्राणिसंग्रहालय झालं. म्हणजे तिथे साप आधी आले आणि वाघ नंतर! मुलांना हे सांगितलं की फार आवडतं.

आपल्या पाठ टाचणात प्रस्तावना असते, हेतुकथन असतं. इथे ते दोन्ही विसरा. "आज आपण सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी माहिती घेणार आहोत" हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत अर्धी मुलं काचेला चिकटलेली असतात. मी एवढंच म्हणते, "आत एक साप आहे. काच न वाजवता, न बोलता, एक मिनिटात शोधा."

मुलं शोधतात. सापडतो कुठे? दगडाच्या कपारीत, लाकडाच्या ओंडक्याखाली, पाण्याच्या भांड्यामागे, पानांच्या ढिगात. मग मी विचारते, "आपल्या घराजवळ अशा जागा कुठे आहेत?" इथे खरा पाठ सुरू होतो. एक म्हणतो सरपण, दुसरी म्हणते गोवऱ्यांचा ढीग, कोणी म्हणतं बांधकामाच्या विटा, कोणी म्हणतं माठाच्या तिवईखाली. मुलांनी स्वतःच्या तोंडाने यादी केली. आता "तिथे हात घालताना आधी काठीने हलवून पाहायचं" हे सांगायला एक वाक्य पुरतं, आणि ते लक्षात राहतं.

साप हलत नसेल तर निराश होऊ नका. बहुतेक वेळा तो हलतच नाही. "बाई, मेलाय का?" हा प्रश्न येणारच, आणि तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे. सापाला आपल्यासारखं शरीर आतून गरम ठेवावं लागत नाही, म्हणून त्याला अन्न कमी लागतं. एक उंदीर खाल्ला की कित्येक दिवस भागतं. ज्याला रोज धावपळ करून पोट भरायचं नाही तो उगाच कशाला हलेल? त्याला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, म्हणून झोपला तरी डोळे उघडेच दिसतात. जीभ आत-बाहेर करत असेल तर तो वास घेतोय, घाबरवत नाहीये. त्याला बाहेरून दिसणारे कान नसतात. जमिनीतली कंपनं त्याला जबड्यावाटे कळतात. काच वाजवली की त्याला त्रास होतो तो याचमुळे. आणि प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, खायला टाकणं, आवाजाने त्रास देणं हा कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांइतकंच त्यांच्यामागे उभ्या मोठ्या माणसांना ऐकू जाईल असं सांगा.

ओळख शिकवायची की नाही?

इथे माझं मत जरा वेगळं आहे, पटलं नाही तर कळवा. आपण तक्ते लावतो : नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. ते लावावेत. पण मुलांना "विषारी-बिनविषारी ओळखायला शिका" असं सांगू नये.

का ते सांगते. मण्यार काळी, तिच्या अंगावर पांढरे पट्टे. कवड्या बिनविषारी, त्याच्याही अंगावर पट्टे. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात आणि कवड्याचे डोक्याकडे ठळक असतात, हे तुम्हा-आम्हाला काचेबाहेर निवांत उभं राहून कळतं. रात्री नऊ वाजता मोरीत विजेरीच्या उजेडात नऊ वर्षांच्या मुलाला कळणार आहे का? घोणसीचं पिल्लू मांडूळ समजून उचललं तर? म्हणून काचेसमोर मी एकच नियम पाठ करून घेते : साप कोणता का असेना, थांबायचं, मागे सरकायचं, मोठ्या माणसाला हाक मारायची. ओळखायचं काम सर्पमित्राचं.

तरीही चौघांची एकेक गोष्ट सांगते, कारण ती जीव वाचवणारी असते. घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. असा आवाज आला की पाऊल जागच्या जागी थांबवायचं. फुरसं छोटं, कोकणात भरपूर. अंगाचे खरखरीत खवले एकमेकांवर घासून आवाज करतं. नाग फणा काढतो तो "लांब राहा" एवढंच सांगायला.

मण्यारीवर मात्र जरा जास्त वेळ थांबा. ती रात्री फिरते, घरात येते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही. कित्येकदा माणसाला चावल्याचं कळतही नाही. मग पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं. घरच्यांना वाटतं काहीतरी बाधलं, ओव्याची फक्की दिली जाते, आणि वेळ जातो. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेलं कोणी पहाटे पोटदुखीने उठलं आणि डोळे उघडता येत नाहीत असं म्हणालं, तर दवाखाना गाठायचा, एवढं मुलाला माहीत असलं तरी खूप आहे. खाटेवर झोपणं किंवा मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

"आमच्या गावात मंत्राने उतरतं"

तुम्ही काचेसमोर बोलायला लागलात की बाकीची माणसंही थांबतात. आजोबा-आजी, तरुण जोडपी, दुसऱ्या शाळेची पोरं. हे फार चांगलं आहे. त्यांना हटवू नका, आवाज थोडा वाढवा. पण त्यांच्यातून एक प्रश्न हमखास येतो. एकदा एक काका म्हणाले, "बाई, आमच्या गावच्या भगताने माझ्या डोळ्यांदेखत तीन माणसं बरी केली."

अशा वेळी "ही अंधश्रद्धा आहे" म्हणून मोकळं होऊ नका. काकांचा मान गेला की त्यांचे कान बंद. मी म्हटलं, "काका, तुम्ही पाहिलं ते खरंच असणार. पण साप कोणता होता?" आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मंत्र म्हणा, नाहीतर पाढे म्हणा, ती माणसं बरी होणारच होती. ज्याच्या अंगात खरंच विष गेलंय, त्याचा वेळ मात्र भगताच्या ओट्यावर जातो. काका काही बोलले नाहीत, पण पुढची सगळी दहा मिनिटं उभे होते.

दुधाचंही तसंच. एखादी मुलगी सांगते, "आमची आजी नागाला दूध ठेवते." आजीला खोटं पाडू नका. साप दुधावर जगत नाही, त्याचं अन्न उंदीर-बेडूक. गारुड्याचा साप दूध पितो कारण त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. आणि पुंगीचा सूर ऐकून तो डोलत नाही, हलणाऱ्या पुंगीवर त्याची नजर असते. आजीला सांग, नागाची पूजा कर, चित्राची कर, मूर्तीची कर. मांडुळाला दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते म्हणून तसं वाटतं. गुप्तधनाच्या खोट्या कल्पनेपायी त्याची तस्करी होते, हेही मोठ्या मुलांना सांगावं.

करून दाखवायची गोष्ट

साप हातात घ्यायचा नाही, मग दाखवायचं काय? प्रथमोपचार. यासाठी लागतं काय, तर एक फूटपट्टी, दोन रुमाल किंवा ओढणी. एका मुलाला 'रुग्ण' करा. बाकीच्यांनी त्याला आडवं करायचं, धीर द्यायचा, हातातलं कडं, अंगठी, बूट काढायचे, कारण सूज आली की ते रुततात. चावलेल्या हाताला किंवा पायाला फूटपट्टी लावून, हाड मोडल्यावर बांधतो तसं सैलसर बांधायचं. हालचाल नको, चालवायचं तर अजिबात नाही. एकाने १०८ ला फोन केल्याचं नाटक करायचं आणि गावाचं नाव, खुणेची जागा नीट सांगायची. हा शेवटचा भाग मुलांना सगळ्यात अवघड जातो! "आमच्या घराजवळ" यापुढे पत्ताच येत नाही.

मग विचारा, काय केलं नाही? आवळपट्टी बांधली नाही, ब्लेडने कापलं नाही, तोंडाने चोखलं नाही, पाला चोळला नाही. साप मारून सोबत नेला नाही. तो का नको, हे मोठ्यांनाही माहीत नसतं. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर मिळून एकच असतं, आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. साप मारायला गेलेला माणूस दुसरा रुग्ण होतो. लोक त्याला 'सापाची लस' म्हणतात, पण ते आधी टोचून ठेवायची लस नाही, दंशानंतरच द्यायचं औषध आहे. घोड्यांना विषाची थोडी थोडी मात्रा देऊन त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव यासाठी आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवं.

जाताना थोडं

एका वेळी पंधरा-वीस मुलंच घ्या, बाकीच्यांना दुसऱ्या शिक्षकांबरोबर तळ्याकडे पाठवा. ऊन तुमच्या तोंडावर येऊ द्या, मुलांच्या नको. आधी फोन करून प्राणिसंग्रहालयाला कळवा. बहुतेक मोठ्या ठिकाणी माहिती देणारी माणसं असतात, आणि ती आनंदाने मदत करतात.

वाघाच्या पिंजऱ्याशी एखादं मूल विचारेल, "बाई, तो एकाच जागी का फिरतोय?" तेव्हा "व्यायाम करतोय" असं सांगू नका. बंदिस्त प्राण्याला करण्यासारखं काही उरलं नाही की कधी कधी असं होतं, असं सांगा. मूल गप्प होईल. होऊ द्या.

पालकांसाठी एकच. "हात लावू नको, नाहीतर तो साप खाईल तुला" हे वाक्य घरी बंद करा. घाबरलेलं मूल साप दिसला की पळतं किंवा दगड मारतं, आणि चावलं तर रागावतील म्हणून घरी लपवतं. लपवलेला दंश मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

सहलीनंतरचा गृहपाठ मी एकच देते : आपल्या घरापासून सगळ्यात जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचं औषध आहे, ते घरच्यांबरोबर जाऊन किंवा फोन करून विचारून या. गेल्या वेळी बावीसपैकी चौदा मुलांनी उत्तर आणलं. दोघांनी लिहिलं की जवळच्या दवाखान्यात सध्या नाही, पुढच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात जावं लागेल. एकाच्या वडिलांनी त्या रुग्णालयाचा नंबर दारामागे खडूने लिहून ठेवलाय, असं तो सांगत होता.

आणि हो, कात्रज बुधवारी बंद असतं. सहलीची तारीख ठरवताना तेवढं बघा.